रिद्धपूर : राजवंशाचा नव्हे, एका गावाचा इतिहास

१/ तेराव्या शतकातील महाराष्ट्र म्हटला की देवगिरीचा दुर्ग, यादव नृपती आणि हेमाद्री पंडित डोळ्यांसमोर उभे राहतात. आज राजधानीपासून दूर, वऱ्हाडातील एका लहानशा गावी जाऊ या. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर, म्हणजेच जुने ऋद्धिपूर.

२/ येथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ राहत. आईवडिलांच्या निधनानंतर आप्तांनी त्यांना जवळच्या काटसूरहून येथे आणले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी त्यांना गुरू मानत. म्हणूनच रिद्धपुरास महानुभावांची काशी म्हणतात.

३/ इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर उत्तरेकडे निघून गेले. पोरके झालेले शिष्य नागदेवाचार्यांसह गोविंदप्रभूंच्या सेवेत रिद्धपुरास राहिले. येथेच म्हाइंभटांनी एक विलक्षण कार्य आरंभिले. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडून एकेक आठवण मिळवून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. काळ साधारण १२७८.

४/ पुढे गोविंदप्रभूंच्या आठवणीही अशाच संकलित झाल्या. तो ग्रंथ ‘ऋद्धिपूरचरित्र’. त्यात लढाया नाहीत. प्रभू कोणाच्याही घरात शिरतात, मुलांशी खेळतात, गावकुसाबाहेरच्या वस्तीतही जातात. चरित्र एका अवलियाचे. परंतु त्याच्या मागोमाग चालताना आपल्याला अख्खे गाव दिसते.

५/ याच गावी गोविंदप्रभूंच्या विवाहाचा खेळ मांडला गेला, तेव्हा महदंबेने ‘धवळे’ रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते.

६/ हे सारे मराठीत का? हेमाद्रीने आपला ‘चतुर्वर्गचिंतामणि’ संस्कृतात लिहिला. नागदेवाचार्यांनी मात्र संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवराज सूरींना थांबविले. संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. भाषेची निवड वाचक कोण, यावरून झाली.

७/ ‘स्थानपोथी’ तर त्याहून सूक्ष्म. स्वामी कोठे बसले, कोणते देऊळ कोणत्या दिशेस, त्याचे द्वार कोणीकडे, अशा नोंदी तिच्यात आहेत. श्रद्धेपोटी झालेले हे लेखन आज मध्ययुगीन गावांचा नकाशा ठरते. नारायण व्यास बहाळिये यांचे ‘ऋद्धिपूरवर्णन’ हे काव्य पंथाच्या प्रतिष्ठित ‘साती ग्रंथां’पैकी एक.

८/ परंपरा सांगते, लीळाचरित्राची मूळ प्रत एका धाडीत नष्ट झाली. तेव्हा अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे अनेक पाठ आढळतात. पुढे पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. त्यांचे संरक्षण झाले, पण बाहेरच्या जगास त्या शतकानुशतके अगम्य राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली. १९७८ मध्ये डॉ. वि. भि. कोलते यांची लीळाचरित्राची संपादित आवृत्ती प्रसिद्ध झाली.

९/ अलीकडेच रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. ही ज्ञानपरंपरेस मिळालेली उचित दाद होय.

१०/ साधनांविषयी एक सावधगिरी. हे ग्रंथ भक्तांचे आहेत. त्यांतील चमत्कार इतिहास म्हणून घेता येत नाहीत. परंतु चमत्काराभोवतीचे घर, अन्न, भांडण आणि बोली रचण्याचे लेखकास काहीच कारण नव्हते. इतिहासकारास खरे धन तेथेच सापडते.

११/ ताम्रपटांत राजे उरले. रिद्धपूरची साधी माणसे उरली, कारण कोणी तरी वृद्धांपाशी बसून विचारले आणि लिहून ठेवले. आपल्या गावातील वृद्धांना आपण अद्याप काय विचारले आहे?