पेटीचे बांधलेले सूर

नांदेडच्या सचखंड हुजूरसाहिबांतील कीर्तनांत आणि लातूरकडील भजनांत पेटी घरचीच झाली आहे. हिचें मूळ मात्र पॅरिसचें. देबँ यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. प्रत्येक पट्टीस स्वतंत्र पितळी पातें असल्यानें एका वेळीं अनेक सूर निघतात. परंतु ते जागच्या जागीं बांधलेले, मींड तेथें असाध्य. याच आक्षेपावरून नभोवाणीनें १९४० सालीं पेटीस बंदी केली. १९७१ सालीं ती सैल झाली.

आज मायक्रोकंट्रोलरची तळहाताएवढी पाटी हेंच काम आंकड्यांनीं करते. दाबलेल्या प्रत्येक पट्टीची लहर ती सेकंदास हजारों वेळां मोजते आणि सर्वांची बेरीज ध्वनिवर्धकाकडे धाडते. येथें सूर म्हणजे एक संख्या. ती किंचित् बदलली कीं श्रुति बदलते, हळूहळू सरकविली कीं मींड होते. पेटीवर ज्या कारणानें बंदी आली, तें कारण येथें उरत नाहीं.