भरती-ओहोटीची साक्ष : मांडवा ते जंजिरा, एका दिवसात

मुंबईतील एखादे कुटुंब सुटीच्या दिवशी पहाटे निघते, खाडी ओलांडून मांडव्यास उतरते, आणि तेथे आधीच ठरविलेली गाडी व तिच्यासोबत एक माहितगार वाटाड्या त्याची वाट पाहत असतो. तेथून अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद आणि मुरूड असा सुमारे सत्तर किलोमीटरांचा किनारा पाहून, सूर्यास्ताच्या सुमारास जंजिऱ्याच्या तटाचे दर्शन घेऊन मंडळी परततात. एका बाजूस नारळी-पोफळींच्या वाड्या, दुसऱ्या बाजूस समुद्र, मधूनमधून डोंगराची सोंड आणि खाडीवरचा पूल. प्रवास अत्यंत रमणीय, यात संशय नाही. परंतु ज्या पट्टीवरून ही गाडी एका दिवसात जाऊन येते, त्याच पट्टीसाठी निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, सिद्दी, मोगल आणि इंग्रज अशा सहा सत्ता दोनशे वर्षांहून अधिक काळ झुंजत होत्या. तेव्हा या दिवसभरात प्रवाशाच्या पदरात काय पडते, केवळ देखावा की काही इतिहासही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

वाटाड्याचे बोलणे ऐकण्यासारखे असते. जंजिऱ्यात शिरताच तो सांगतो की, किल्ला बावीस एकरांचा आणि तो बांधावयास लागलीही बावीसच वर्षे. समुद्राखालून राजपुरीपर्यंत एक भुयार गेले आहे, असेही तो आवाज खाली आणून सांगतो. मुलांचे डोळे विस्फारतात. आकडे असे जुळून आले म्हणजे ते इतिहासापेक्षा पाठांतराच्या सोयीचे असतात, हे जाणत्याच्या ध्यानात येते. तथापि वाटाड्याला हसण्याचे कारण नाही, कारण हाच मनुष्य सकाळी अलिबागेस, आपण इतिहास सांगत आहोत याची जाणीवही नसताना, एक फार मोलाचे वाक्य बोलून गेलेला असतो : “आज पौर्णिमा आहे, दुपारी बाराला किल्ल्यात पायी जाता यायचे नाही.” या किनाऱ्याच्या इतिहासाची किल्ली त्या वाक्यात आहे.

कोळ्यांचा हिशेब असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीस पूर्ण भरती सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस पाणी जसे फार चढते तसेच ते फार उतरतेही. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ही चढउतार मंदावते, तो भांग. घड्याळे येण्यापूर्वी कित्येक पिढ्या हा हिशेब या किनाऱ्यावर चालत आला आहे, आणि येथील एकूण एक लढाई त्याच्याच चौकटीत झालेली आहे.

मांडव्यास येतानाच समुद्राचा पहिला धडा मिळतो. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढी अमावास्येस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. यंत्राच्या बोटीची ही गत, तर शिडाच्या गलबतांची काय कथा! म्हणूनच जुन्या काळी पावसाळ्याचे चार महिने आरमारे खाड्यांतून नांगरून पडत. ज्याला सुरक्षित बंदर मिळे त्याचे आरमार पुढच्या हंगामास टिके. ज्याला ते मिळत नसे त्याचे अर्धे सामर्थ्य लढाईवाचूनच नाहीसे होई.

मांडव्याहून अलिबागेकडे येताना थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी मायनाक भंडारी यास पाठवून खांदेरीवर तट बांधण्यास आरंभ केला. मुंबई बंदराच्या तोंडाशीच हा प्रकार, म्हणून इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटास वेढा घातला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफाही भारी. परंतु वारा पडला की ती जागच्या जागी खिळत. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या आणि वल्ह्यांनी हाकता येणाऱ्या. त्या खाडीतून रात्री निघून दारूगोळा व धान्य बेटावर पोहोचवीत. ऑक्टोबरात झालेल्या चकमकीत इंग्रजांची एक गुराबही मराठ्यांच्या हाती लागली, आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांस वेढा उठवावा लागला. शेजारच्या उंदेरीवर मात्र त्याच सुमारास सिद्दी कासमने ठाणे बसविले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरी आहे. तो मान मिळाला तो बेटाच्या चिऱ्यांस तर खराच, पण रात्रीच्या काळोखात धान्याची पोती वाहणाऱ्या त्या अनामिक खलाशांसही.

अलिबागेचा कुलाबा किल्ला ओहोटीस जमिनीचा आणि भरतीस समुद्राचा. त्याचे बांधकाम १६८० मध्ये शिवछत्रपतींच्या अखेरच्या दिवसांत सुरू झाले व संभाजीमहाराजांच्या कारकीर्दीत पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या नावाने तो गाजला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे कुलाब्यावर चाल केली. समुद्रात इंग्रजी जहाजे आणि जमिनीवर पोर्तुगिजांचा खासा व्हाइसरॉय, असा थाट होता. परंतु बाजीराव पेशवे मदतीस धावून आले, दोन्ही मित्रांचा परस्परांवरचा विश्वास उडाला आणि लवकरच पोर्तुगिजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी निवर्तले. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. किल्ल्यातील गणपतीचे मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले. तेथेच चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या दोन इंग्रजी तोफाही आहेत. त्या १८४९ च्या ओतीव कामाच्या, म्हणजे आंग्र्यांचे राज्य खालसा झाल्यानंतरच्या. वाटाड्या त्या कान्होजींच्या म्हणून दाखवू लागला, तर प्रवाशाने तोफेवरील अक्षरे मुलांकडून वाचवून घ्यावीत. इतिहासाचा तो उत्तम वस्तुपाठ होईल.

अलिबागेतच आणखी दोन ठिकाणे आहेत, जिकडे गाडी बहुधा वळत नाही. एक चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्यावर १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म यंत्रे बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये ती अलिबागेस आणविली, आणि दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी घेऊन मापनाचा धागा तुटू दिला नाही. ट्राम धावली १९०७ साली. दुसरे ठिकाण इस्रायल आळी. बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे तारू जवळच नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ते तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागले आणि शनिवारी काम करीत नसत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे इस्रायलास गेली. मराठी त्यांच्याबरोबर गेली. समुद्राने जे आणिले ते सारेच शत्रू म्हणून आले नव्हते.

चौल व रेवदंडा यांची गोष्ट याहून जुनी. टॉलेमीच्या ग्रंथात आणि अरबांच्या प्रवासवर्णनांत या बंदराची नावे आहेत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकण्यासाठी घेऊन येथेच उतरला. १५०८ मध्ये ईजिप्त व गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगिजांस चौलच्या खाडीत गाठले. पोर्तुगिजांचा तरुण सेनापती लोरेंसो द आल्मेदा निसटू पाहत असता त्याचे जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले, आणि तो मारला गेला. दर्यावर्दी साम्राज्याच्या सेनापतीचा घात तोफेइतकाच कोळ्यांच्या खुंटांनी केला! त्याचा बाप व्हाइसरॉय होता. त्याने दुसऱ्याच वर्षी दीवच्या लढाईत सूड उगविला. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी रेवदंड्यास कोट बांधण्यास आरंभ केला आणि १७४० पर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. वसई पडल्यावर झालेल्या तहाने रेवदंडा व खाडीपलीकडचे कोर्लई मराठ्यांस मिळाले.

पोर्तुगीज गेले, परंतु कोर्लईच्या पायथ्याची ख्रिस्ती शेतकरी माणसे गेली नाहीत. त्यांची बोली पोर्तुगीज शब्दांची. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा बारकाईने अभ्यास केला. त्याला आढळले की, शब्द पोर्तुगीज असले तरी वाक्याची मांडणी हळूहळू मराठी झाली आहे. क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी जाऊन बसले. किल्ला घेण्यास तह लागला. क्रियापद जिंकण्यास मात्र शेजार पुरेसा झाला. आज ही बोली बोलणारे हजाराच्या आतबाहेर उरले आहेत. गाडी दीपगृहापाशी थांबते, छायाचित्रे होतात, आणि त्या गावातील भाषा न ऐकताच मंडळी काशीदच्या वाळूकडे निघतात, ही खेदाची गोष्ट होय.

काशीदची वाळू आणि जंजिऱ्याच्या नवाबाचे पूर्वीचे शिकारीचे रान असलेले फणसाड मागे टाकून गाडी मुरूडला येते. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यास जावे लागते. येथे ओहोटी कितीही लागो, कुलाब्याप्रमाणे पायवाट उघडी पडत नाही. तटाचे बुरूज मोजता येतात. ते एकोणीस आहेत. आत गोड्या पाण्याचे तलाव, आणि बुरुजावर कलाल बांगडी ही प्रसिद्ध तोफ.

“जंजिरा अजिंक्य,” असे वाटाड्या म्हणतो. ते खोटे नाही. पण अजिंक्य का, हा प्रश्न मराठी माणसाला जरा बोचतो आणि म्हणून तो विचारला जात नाही. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान किल्ला शिवछत्रपतींच्या स्वाधीन करण्याच्या बेतात होता. इतर सिद्दी सरदारांनी त्यास कैद केले, औरंगजेबाचा आश्रय घेतला आणि सिद्दीचे आरमार मोगलांचे आरमार झाले. १६७१ च्या होळीच्या रात्री समोरचे दंडाराजपुरीचे मराठी ठाणेही गेले. पावसाळ्यात सिद्दीची जहाजे मुंबईस माझगावच्या आश्रयास जात. म्हणजे हंगाम सरल्यावरही त्यांस बंदर होते. पैसा मोगलांचा, निवारा इंग्रजांचा, आणि तटाभोवती न आटणारे पाणी : अजिंक्यपणाची ही तीन कारणे आहेत.

शिवछत्रपतींनी यावर उपाय योजला तो समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारण्याचा. १६७५ च्या जानेवारीत त्यांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्गाच्या कामासाठी व आरमारासाठी नेमून दिलेला पैसा आणि धान्य त्याने वेळेवर पाठविले नाही, म्हणून महाराजांनी त्यास कडक शब्दांत फटकारले आहे. हबशांनी काही देऊन तुला फितविले आहे काय, असाही त्यांत रोख आहे. समुद्रात अर्ध्यावर बांधलेला किल्ला, शत्रू तोफेच्या टप्प्यात, आणि धान्य किनाऱ्यावरच्या कचेरीत अडकलेले! यापुढे बखरीतील लाय पाटलाची हकीकत येते. पद्मदुर्गाच्या या कोळी सरदाराने रात्री जंजिऱ्याच्या तटास शिड्या लावून ठेवल्या, परंतु ठरलेली कुमक आली नाही आणि पहाट होताच त्यास परतावे लागले. १६८२ मध्ये संभाजीमहाराजांनी दगड टाकून खाडी बुजविण्याचा उद्योग आरंभिला. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे तोही अपुरा राहिला. १७३६ च्या एप्रिलात चिमाजी अप्पांनी रेवसजवळ सिद्दी सात यास ठार मारून सिद्दीचे बळ मोडले. परंतु बेट सिद्दीचेच राहिले, आणि १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले.

शौर्य कमी पडले म्हणून जंजिरा राहिला, असे या हकीकतींवरून दिसत नाही. आणि भुयाराच्या गोष्टीत तर त्याचे उत्तर मुळीच नाही. शिड्या लावणारे हात होते. त्यांच्यामागे वेळेवर यावयाचे धान्य, पैसा आणि कुमक कमी पडली. हा निष्कर्ष गोड नसला तरी राष्ट्रास उपयोगी आहे.

असो. जंजिऱ्याहून परतताना पश्चिमेस पद्मदुर्ग दिसतो. तिकडे जाणारे थोडेच. प्रवाशाने होडीवाल्यास एवढेच विचारावे की, या बेटास कोणत्या तिथीला, कोणत्या पाण्यावर होडी लागते, आणि पावसाळ्यात येथील माणसांस धान्य कसे पोहोचत असेल. होडीवाला आपल्या वाडवडिलांच्या अनुभवाने उत्तर देईल, आणि ते बहुधा बरोबर असेल. आज भरतीची वेळ दूरध्वनीच्या पडद्यावर दिसते, त्यामुळे तिथीची पाऊणपट करणारी ही पिढी सरत चालली आहे. ती आहे तोवर तिच्याकडून बावीस एकरांची गोष्ट ऐकावी, हसून सोडून द्यावी. आणि पाण्याची गोष्ट मात्र लिहून घ्यावी.