नाली संपते तिथून : प्रस्तावना

जलजीवन मिशनने 2019 पासून गावागावांत माणशी रोज 55 लिटर पाणी पोचवायचे ठरवले. दीड हजार वस्तीचे गाव धरा. रोजचे 82,500 लिटर पाणी घरात येईल आणि त्यातला सुमारे चार-पंचमांश भाग, म्हणजे 66,000 लिटर, न्हाणी-मोरीतून पुन्हा बाहेर पडेल. ते पुढे कुठे जाते, या प्रश्नापासून सांडपाण्याचा अभ्यास सुरू होतो.

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. 1935 च्या सुमारास गांधीजी आणि मीराबहन वर्ध्यालगतच्या सिंदी गावात सफाईला जात. चाळीसच्या दशकात विनोबा पवनारहून रोज सुरगावला जाऊन मैला उचलत. मैल्याचे खत करून ते शेताला द्यायचे, हा त्या कामामागचा विचार होता आणि तो आजही खरा आहे. मात्र त्या काळी पाणी डोक्यावरून यायचे, म्हणून जपून सांडायचे. आता ते नळाने येते आणि साबणासोबत वाहून जाते. त्या परंपरेचा मान राखायचा, तर हे नवे गणितही मांडले पाहिजे.

त्या गणितात सगळ्यात आधी जमीन येते. शोषखड्डा हा मुरमाड जमिनीतला उत्तम उपाय. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी त्याच्या बळावर उघड्या नाल्या बुजवल्या. इकडच्या भारी काळ्या कन्हारीत मात्र तोच खड्डा दगा देऊ शकतो. पावसाळ्यात ही माती फुगते आणि पाणी पीत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि घाण पाणी न गाळता खाली उतरते. खड्ड्याजवळ पिण्याची विहीर असेल तर धोका उघड आहे. म्हणून नकाशा मागवण्याआधी फावड्याने खोदून माती पाहावी, असा माझा आग्रह आहे.

खड्डा जमत नसेल तिथे पाणी आधी टाकीत निवळू द्यायचे आणि मग गिट्टीच्या वाफ्यातून न्यायचे. त्या वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावतात. पाणी पृष्ठभागाखालूनच सरकते, त्यामुळे डासांना जागा मिळत नाही. खरी सफाई गिट्टीला आणि मुळांना चिकटलेले सूक्ष्मजीव करतात. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेले फायटोरिड तंत्र याच जातीचे आहे. त्याला वीज फारशी लागत नाही, पण जागा लागते, आणि टाकीतला गाळ वेळेवर उपसावा लागतो. योजना बंद पडतात त्या बहुधा इथेच, कारण गाळ कोणी काढायचा हे कागदावर नसते. आणि तो उपसण्यासाठी माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे, हे अभियंत्याने पहिल्याच दिवशी शिकावे.

आपले ऊन मात्र आपल्या बाजूचे आहे. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, ते बीओडी या मापाने कळते. ब्रिटनच्या रॉयल कमिशनने 1912 मध्ये त्यासाठी पाच दिवसांची मुदत धरली. आपल्या मानकात 27 अंशांवर तीन दिवस पुरतात. उष्णतेत जीवाणू झपाट्याने काम करतात, म्हणून थंड देशातली वाफ्याची आणि टाकीची मापे इथे जशीच्या तशी उतरवू नयेत.

हे सगळे कशासाठी? वर्धा हा हत्तीपायाच्या रोगाचा जुना पट्टा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगावर दीर्घकाळ संशोधन झाले. तो पसरवणारा क्युलेक्स डास साचलेल्या घाण पाण्यातच वाढतो. त्यामुळे नालीचा उतार नीट काढणारा गवंडीही आरोग्याचेच काम करत असतो.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी एक काम करा. सकाळी सहा ते नऊ या वेळात नालीच्या शेवटच्या टोकाशी बादली आणि घड्याळ घेऊन उभे राहा, बादली किती सेकंदांत भरते ते दर पंधरा मिनिटांनी लिहून ठेवा, आणि पहिल्या प्रकरणातले तक्ते त्याच आकड्यांनी भरा.