एका शब्दाचा लिलाव

सर्च इंजिनवर जाहिरात देऊन हात पोळलेल्या लहान व्यावसायिकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, तुम्ही जाहिरात नीट लावली नाही. दुसरा सांगतो, हा सगळा प्रकारच फसवा आहे. माझ्या मते दोघेही मूळ गोष्ट पाहत नाहीत. या जाहिरातीकडून दुकानदार जी अपेक्षा ठेवतो, ती टेलिफोन डिरेक्टरीच्या पिवळ्या पानांच्या व्यवहारातून आलेली आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पाने रुजली. तिथे दर ठरलेला असे, पैसे भरले की पुढची डिरेक्टरी छापली जाईपर्यंत जागा आपली. यादी वर्णानुक्रमाने असल्यामुळे कित्येकांनी दुकानाच्या नावाआधी नुसते ‘एएए’ जोडून पहिला क्रमांक मिळवला. आपल्याकडे 1996 साली मुंबईत जस्ट डायल सुरू झाले, फोनवर विचारणाऱ्याला दुकानांची नावे सांगण्याची सोय झाली, आणि यादीत वर राहण्यासाठी पैसे मोजायचे असतात हे आपल्या व्यापाऱ्याच्याही अंगवळणी पडले. जागा विकत घ्यायची आणि निवांत राहायचे, ही ती सवय. सर्च इंजिनवर मात्र जागा विकली जातच नाही. तिथे लिलाव असतो, आणि तो प्रत्येक शोधागणिक नव्याने होतो. हा फरक नीट कळला तर त्या जाहिरातीकडून काय मिळू शकते आणि काय नाही, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

या लिलावाची सुरुवात 1998 साली कॅलिफोर्नियात झाली. बिल ग्रॉस या उद्योजकाने ‘गोटू’ नावाचे सर्च इंजिन काढले. एखाद्या शब्दासाठी कोण किती बोली लावतो यावर यादीतला क्रमांक ठरत असे, आणि पैसे द्यायचे ते कोणी क्लिक केले तरच. बोली एका सेंटपासून सुरू होई. त्या पानावरची एक गोष्ट आज पाहिली तर नवल वाटते: प्रत्येक दुव्याच्या शेजारी त्या जाहिरातदाराला एका क्लिकसाठी पडणारी किंमत छापलेली असे. शोधणाऱ्यालाही दिसे, प्रतिस्पर्ध्यालाही दिसे. लिलाव अक्षरशः उघड्यावर होता, लासलगावच्या कांद्याच्या आवारात असतो तसा. ग्रॉसचा युक्तिवादही साधा होता. त्या काळी फुकटच्या यादीत फसव्या पानांचा सुळसुळाट झाला होता. ज्याला पदरचे पैसे मोजावे लागतील तो आपल्या मालाशी संबंध नसलेल्या शब्दाच्या वाटेला जाणार नाही, म्हणून यादी आपोआप स्वच्छ होईल, असे त्याचे म्हणणे. पैसे देऊन वर येण्याच्या कल्पनेवर टीकाही बरीच झाली. ‘ओपन टेक्स्ट’ या सर्च इंजिनने 1996 साली असाच प्रयोग करून लोकांच्या रोषामुळे मागे घेतला होता. गोटू मात्र टिकले. पुढे ते ‘ओव्हर्चर’ झाले आणि 2003 साली याहूने ते सुमारे 1.6 अब्ज डॉलरना विकत घेतले.

त्या पहिल्या वर्षांत काही सेंटांत गिऱ्हाईक मिळालेल्या दुकानदारांच्या कथा पसरल्या आणि अपेक्षेचे माप तिथेच ठरून गेले. पण ती स्वस्ताई कशामुळे होती हे पाहायला हवे. बाजारात बोली लावणारेच कमी होते. रिकाम्या आवारात पहिल्यांदा पोचलेल्याला माल स्वस्त पडतो. जागेचा किंवा युक्तीचा तो गुण नव्हे. गर्दी वाढल्यावर काय झाले ते अर्थशास्त्रज्ञांनी ओव्हर्चरच्याच आकड्यांत दाखवून दिले आहे. एकाच शब्दावर दोन दुकानदार भिडले की एकाने एक सेंट चढवायचा, दुसऱ्याने त्यावर आणखी एक, असे होत होत बोली परवडेनाशी होई. मग एक जण एकदम तळाला जाई. त्याबरोबर दुसराही त्याच्यापेक्षा जेमतेम एक सेंट वर राहील इतका उतरे, आणि चढण पुन्हा सुरू. या बोलींचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. हे काम दुकानदारांनी लावलेली सॉफ्टवेअर करत होती. दिवसातून एकदा बोली तपासणाऱ्या लहान माणसाला या करवतीत जागाच नव्हती.

गूगलने ऑक्टोबर 2000 मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केले तेव्हा जाहिरातदार सुमारे 350 होते. सुरुवातीच्या जाहिरातदारांत टपालाने जिवंत लॉब्स्टर पाठवणारा एक लहान विक्रेताही होता. क्रेडिट कार्ड घ्या, चार ओळी लिहा, जाहिरात सुरू: लहान माणसासाठी हे दार खरोखर उघडले होते आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. तेव्हा पैसे जाहिरात किती वेळा दिसली यावर घेत. फेब्रुवारी 2002 पासून क्लिकवर पैसे आणि लिलाव आला, पण दोन दुरुस्त्यांसह. जिंकणाऱ्याने स्वतःची पूर्ण बोली द्यायची नाही, खालच्या क्रमांकावरच्याला मागे ठेवण्यासाठी लागेल तेवढेच द्यायचे. त्यामुळे करवतीचे दाते बोथट झाले. आणि क्रमांक ठरवताना बोलीबरोबर लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात हेही धरायचे. यावर आधारून एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे: नेमकी, प्रामाणिक जाहिरात लिहिणारा लहान दुकानदार मोठ्या कंपनीच्या वर येऊ शकतो, मग लिलाव त्याच्या विरोधात कसा? येऊ शकतो, हे खरे. पण क्लिक मिळवण्याचे कौशल्यही शिकता येते, आणि मोठ्या कंपनीकडे ते शिकायला स्वतंत्र माणसे असतात. म्हणून ही सवलत कायम पुरेल असे धरून चालता येत नाही.

शिवाय किंमत कोण ठरवतो हा प्रश्न उरतोच. समजा, पुण्यातला एक कारागीर वॉटर प्युरिफायर दुरुस्तीच्या शब्दावर जाहिरात देतो. क्लिकला 30 रुपये पडले तर 100 क्लिकचे 3000. त्यांतल्या दहा जणांनी फोन केला आणि चौघांनी काम दिले, तर एक गिऱ्हाईक 750 रुपयांना पडले. दुरुस्तीची मजुरी 500 असेल तर कारागीर तोट्यात. त्याच शब्दावर बोली लावणारी कंपनी मात्र त्या घराला वार्षिक देखभालीचा करार आणि पुढे नवे यंत्रही विकते. तिला 750 जड नाहीत, 1500 सुद्धा नाहीत. लिलावात भाव नेहमी असाच गडी ठरवतो, ज्याला एका गिऱ्हाइकातून सर्वांत जास्त मिळते. कारागिराने जाहिरात कितीही छान लिहिली तरी हे गणित त्याच्यासाठी बदलत नाही.

मग जाहिरात सोडून फुकटच्या यादीत वर यावे, असे कोणी म्हणेल. पण नोव्हेंबर 2003 मध्ये गूगलने त्या यादीच्या क्रमवारीची पद्धत बदलली. जाणकार त्या बदलाला ‘फ्लॉरिडा’ म्हणतात. ऐन नाताळच्या तोंडावर अनेक लहान दुकानांची पाने यादीतून गडप झाली. जाहिराती घ्यायला लावण्यासाठीच हे केले असा संशय तेव्हा घेतला गेला; तो सिद्ध झाला नाही आणि मी तो उगाळणार नाही. पण फुकट मिळालेला क्रमांक ही मालमत्ता नव्हे, एवढे त्या हंगामात पक्के झाले. पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः सांगते. तरीही अशा हमीवर आगाऊ पैसे घेणारे आजही दुकानाच्या पायऱ्या चढतात, ही मला या व्यवसायातली सर्वांत संतापजनक गोष्ट वाटते. जाहिरातीवरच्या खोट्या क्लिकांची भीतीही निराधार नाही. आर्कान्सॉतल्या एका भेटवस्तूंच्या दुकानाने त्यावरून केलेला दावा गूगलने 2006 साली 9 कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटवला. तरीही माझ्या मते लहान दुकानदाराचा मुख्य तोटा खऱ्या क्लिकांतच होतो.

राहिला मोजमापाचा दावा: इथे प्रत्येक रुपयाचा हिशेब लागतो, म्हणून ही जाहिरात वर्तमानपत्रापेक्षा बरी. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेत ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी जाहिराती काही ठिकाणी चक्क बंद करून हा दावा तपासला. स्वतःच्या नावावरच्या जाहिराती थांबवल्या तर ते क्लिक जवळजवळ सगळे फुकटच्या दुव्यावरून परत आले. म्हणजे हिशेबाच्या वहीत जी विक्री जाहिरातीच्या खात्यावर जमा दिसत होती, ती एरवीही होणारच होती. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर इतर शब्दांच्या जाहिरातींचाही परिणाम दिसला नाही, आणि खर्चाचा मोठा भाग नेमका त्यांच्यावर होत होता. परिणाम दिसला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या लोकांवर, ज्यांना तिथे काय मिळते हे ठाऊक नव्हते.

ईबे प्रचंड कंपनी आहे, तिचे निष्कर्ष कोपऱ्यावरच्या दुकानाला कसे लागू, हा प्रश्न रास्त आहे. पण या बाबतीत लहानपण उपयोगाचे ठरते. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्याकडे येणारे जवळपास सगळे क्लिक अनोळखी माणसांचेच असतात, आणि ईबेलाही तेवढेच क्लिक कामी आले होते. पुण्यातल्या त्या कारागिराचा प्रत्येक गिऱ्हाइकामागचा 250 रुपयांचा तोटा मग वेगळा दिसू लागतो. त्या चार घरांपैकी दोघांनी त्याचा नंबर फोनमध्ये साठवला आणि पुढच्या वर्षी फिल्टर बदलायला थेट त्यालाच बोलावले, तर त्या फेरीची मजुरी पूर्ण त्याची. बोलावणे आले नाही, तर 3000 रुपये गेले असे त्याला सरळ लिहून ठेवावे लागेल. आणि यातले काय झाले हे कळायला त्याला महिना पुरणार नाही, वर्ष लागेल.