कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ : भरपाई त्रास देणाऱ्याकडून की मालकाकडून? दोन्ही वाटा समजून घ्या

साखर कारखाना असो, द्राक्षाचं पॅकहाऊस असो, जिनिंग असो नाहीतर वीटभट्टी. कामाच्या जागी बाईला त्रास झाला की गावात पोलीस ठाण्याआधी बैठक बसते. कोणीतरी मोठा माणूस मध्ये पडतो, आकडा ठरतो, स्टॅम्प पेपरवर सही होते आणि बाईचं काम सुटतं. त्रास देणारा मात्र दुसऱ्या हंगामाला त्याच जागी हजर असतो. कायद्यानं मिळणारी भरपाई ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मागायचे रस्तेही वेगळे आहेत. या रस्त्यांची गल्लत होते आणि तिथंच बाईचं नुकसान होतं.

मूळ कायदा २०१३ चा आहे. लोक त्याला पॉश कायदा म्हणतात. तो येण्याआधी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा निकाल दिला होता. त्यामागं राजस्थानातल्या भटेरी गावचं प्रकरण होतं. सरकारी योजनेत ‘साथीण’ म्हणून काम करणारी एक बाई बालविवाह थांबवायला गेली आणि त्याचा राग तिच्यावर निघाला. तिच्यावर सामूहिक अत्याचाराचं ते प्रकरण १९९२ चं. म्हणजे हा कायदा शहरातल्या ऑफिसातून नाही, खेड्यातल्या कामातून आलेला आहे. तरी तो फक्त कंपन्यांपुरता आहे असा समज अजून गेलेला नाही.

कायद्यात कोण कोण बसतं?

रोजंदारीवरची, हंगामी, कंत्राटी, शिकाऊ, बिनपगारी काम करणारी, सगळ्याच बसतात. ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा बसते, आणि ती आपल्याकडं कामाला आहे हे मूळ मालकाला माहीत नसलं तरीही बसते. मुकादमाच्या टोळीत काम करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. घरकाम करणाऱ्या बाईसाठी ते घर हीच कामाची जागा. मालकानं ने-आण करायला दिलेली गाडी, ट्रॅक्टर, टेम्पो हीसुद्धा कामाची जागाच.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी हेलपाटा घालायलाच पाहिजे असं नाही. प्रत्येक तालुक्यात तक्रार घेणारा नोडल अधिकारी नेमायचा असतो आणि त्यानं सात दिवसांत तक्रार समितीकडं पाठवायची असते. हा अधिकारी कोण, हे तहसील कार्यालयात विचारावं. तिथं कुणी हात वर केले तर तेच लेखी मागावं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर मोबाईलवरूनही तक्रार करता येते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. त्रास वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. उशिराला खरं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, तो उपकार नाही. कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं जोडून सहा प्रती द्याव्या लागतात. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. तोवर बाईला दुसऱ्या जागी बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

समितीनं सांगितलेले पैसे कोण भरतं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे. छळ सिद्ध झाला तर समिती भरपाईची शिफारस करते, पण ते पैसे मालक आपल्या खिशातून देत नाही. ते त्रास देणाऱ्याच्या पगारातून किंवा मजुरीतून कापून बाईला, किंवा तिच्या वारसांना, दिले जातात. रक्कम ठरवताना बाईला झालेला मानसिक त्रास, हुकलेली कामाची संधी, दवाखान्याचा खर्च आणि त्रास देणाऱ्याची ऐपत बघतात. एकदम द्यायचे की हप्त्यानं, हेही त्यातच ठरतं. अहवाल आल्यापासून ६० दिवसांत मालकानं अंमलबजावणी करायची असते. समितीचा निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील आहे.

आणि तो माणूस काम सोडून पळाला तर? तर त्याला थेट पैसे भरायला सांगतात. तरी भरले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. ही वसुली म्हणजे काय ते शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. नोटिशीपासून जप्तीपर्यंतचा सगळा रस्ता तोच. काम सोडलं की सुटलो, असं समजणाऱ्यांना हे कलम बहुतेक माहीतच नसतं.

समिती नेमलीच नाही म्हणून मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो. बाईच्या हातात त्यातला रुपयाही येत नाही.

बैठकीतल्या आकड्याचं काय?

चौकशी सुरू होण्याआधी बाईची स्वतःची इच्छा असेल तर समिती समेट घडवू शकते. पण कायदा स्पष्ट सांगतो की तो समेट पैशाच्या देवाणघेवाणीवर होता कामा नये. माफी, बदली, पुन्हा असं करणार नाही अशी लेखी हमी, हे चालतं. ‘वीस हजार घे आणि कागद मागं घे’ हे चालत नाही. गावच्या बैठकीतला आकडा म्हणजे कायद्याची भरपाई नव्हे. उलट त्या स्टॅम्प पेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलेलं असतं आणि तोच कागद पुढं कोर्टात मालकाचा वकील काढून दाखवतो. पैशाची निकड असते हे खरं, उचल फिटलेली नसते हेही खरं. तरी सही करण्याआधी एकदा वकिलाला दाखवावं.

मालकाकडून भरपाई : दिवाणी दावा

पॉश कायद्यातच लिहिलेलं आहे की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. म्हणून समितीकडं गेलं तरी फौजदारी तक्रार करता येते आणि मालकावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावता येतो. पॉश कायदा फक्त बायकांसाठी आहे. दिवाणी दावा मात्र त्रास झालेला पुरुष किंवा मुलगाही लावू शकतो.

मालकाला जबाबदार धरायचे दोन आधार आहेत. पहिला, नोकरानं कामाच्या ओघात दुसऱ्याचं नुकसान केलं तर मालक भरपाईला बांधील असतो. ट्रकवाल्यानं कुणाला उडवलं तर भरपाईत मालकाचंही नाव येतं, तसं. पण छळाच्या प्रकरणात मालकाचा वकील लगेच म्हणतो, ‘हे काय त्याला दिलेलं काम होतं का? त्यानं केलं ते स्वतःच्या नादानं.’ या एका मुद्द्यावर जगभर कोर्टांत डोकेफोड झाली आहे. इंग्लंडमध्ये २००१ साली वसतिगृहाच्या रखवालदारानं मुलांवर केलेल्या अत्याचाराबद्दल तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं संस्थेला जबाबदार धरलं. कारण मुलांची काळजी घेण्याचं काम संस्थेनं त्याच्याच हाती दिलं होतं आणि अत्याचार त्या कामाला चिकटूनच झाला होता. आपल्या कोर्टांवर असे निकाल बंधनकारक नाहीत, पण वकील ते दाखवतात.

मुकादमाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. ‘तो आमचा नोकरच नाही, करार वाहतूकदाराशी आहे’ असं कारखाना म्हणणार हे धरूनच चालावं.

दुसरा आधार मालकाच्या स्वतःच्या हलगर्जीपणाचा, आणि खेड्यातल्या प्रकरणात तो जास्त कामाला येतो. समजा, एका पॅकहाऊसमध्ये चाळीस बायका आहेत. सुपरवायझरविरुद्ध आधी एका मजूर बाईनं मॅनेजरला सांगितलं होतं. मॅनेजरनं ‘बघतो’ म्हणून सोडून दिलं. समिती नाही, बोर्ड नाही. दोन महिन्यांनी त्याच सुपरवायझरनं दुसऱ्या मुलीला रात्रपाळीत शीतगृहात गाठलं. आता प्रश्न सुपरवायझरच्या कामाचा ओघ काय होता हा राहत नाही. मालकाला माहीत होतं, थांबवणं त्याच्या हातात होतं, कायद्यानं सांगितलेली समितीही त्यानं नेमली नाही, हा मुद्दा होतो. समिती न नेमल्याचा दंड बाईला मिळत नसला तरी समिती नव्हती ही गोष्ट तिच्या दाव्यात पुरावा म्हणून उभी राहते.

तक्रार नीट न हाताळल्याबद्दल सरकारलाही पैसे मोजावे लागले आहेत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारच्या एका महिला अधिकाऱ्याला तिची छळाची तक्रार नीट न हाताळल्याबद्दल एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम मोठी नाही, पण छळ करणं वेगळं आणि तक्रार दाबणं वेगळं, आणि दुसऱ्याचीही किंमत भरावी लागते, हे त्यातून दिसलं.

म्हणून तोंडी सांगून थांबू नये. मालकाला किंवा मॅनेजरला लेखी द्यावं आणि पोहोच घ्यावी. पोहोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवून पावती जपावी. तेही जमलं नाही तर मोबाईलवर साधा मेसेज टाकावा: अमुक तारखेला अमुक माणसानं असं केलं, तुम्हाला कळवत आहे. मालकाला कोणत्या दिवशी कळलं, हे या दाव्यात फार महत्त्वाचं असतं. मेसेज, फोटो, रेकॉर्डिंग असलेला मूळ मोबाईल विकू नये, रीसेट करू नये. कोर्टात त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतो. हजेरीचं मस्टर, पगाराच्या नोंदी, उचलीची चिठ्ठी, बँक पासबुक यांतून कामावर असल्याचं दिसतं. मस्टरवर नाव नसेल तर सोबतच्या बायकांची साक्ष आणि कामाच्या जागेचे फोटोही उपयोगी पडतात. ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर, झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी, बुडालेल्या मजुरीचा हिशेब, हे सगळं रक्कम ठरवताना लागतं.

फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडं सिद्ध करावा लागतो. दिवाणीत कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते ते पाहतात. म्हणून आरोपी फौजदारीत सुटला म्हणजे दिवाणी दावाही गेला, असं होत नाही.

दावा कुठं लावायचा? कंपनीचं ऑफिस पुण्या-मुंबईला असलं तरी प्रकार जिथं घडला त्या भागाच्या कोर्टात लावता येतो. निवड बाईची. सरकारवर दावा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मुदतीबाबत कुणाच्या ऐकीव गोष्टीवर जाऊ नये. बऱ्याच भरपाईच्या दाव्यांना तीन वर्षे असतात, पण काही प्रकारांना एकच वर्ष आहे. कोणतं कलम लागतं यावर वाद होतो, त्यामुळं पहिल्या वर्षातच दावा टाकणं शहाणपणाचं. घटना घडली तेव्हा मुलगी अज्ञान असेल तर मुदत ती १८ वर्षांची झाल्यापासून मोजतात, पण तीही जास्तीत जास्त तीन वर्षे. अशा प्रकरणात पोक्सोची फौजदारी तक्रार वेगळी होते आणि ती लगेच करायची.

दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, हे लपवून उपयोग नाही. तारखा पडतात, मजुरी बुडते. तोवर मदत म्हणून बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यात राज्याची मनोधैर्य योजना आहे. २०१३ मध्ये ती सुरू झाली आणि गंभीर प्रकरणात १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. हे पैसे सरकारचे आहेत. ते मिळाले म्हणून मालक सुटत नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं होतो.

वकिलाच्या फीचं म्हणाल, तर मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. कोर्ट फीचाही त्या मदतीत समावेश असतो. समितीपुढं बाजू मांडायला वकील नेता येत नाही, पण अर्ज तयार करायला सल्ला घेता येतो. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते आणि मोफत मदत क्रमांक १५१०० आहे. जाताना आधार कार्ड, असतील ते कामाचे कागद, मालकाला दिलेल्या अर्जाची प्रत आणि तारखांनिशी लिहिलेली हकीकत सोबत न्यावी. बाईचं नाव-पत्ता छापणं किंवा पसरवणं कायद्यानं बंद आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तिचं नाव टाकू नये.