ऐकू न येणारा सूर : बेस गिटारच्या इतिहासातील काही पाने

आमचा एक भाचा शिक्षणानिमित्त काही काळ बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम येथे राहत होता. मेहकर तालुक्यातील हे गाव शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे महाराष्ट्रास परिचित आहे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे लाखोंची पंगत बसते आणि पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद वाढला जातो, हेही अनेकांनी ऐकले असेल. तेथील चार मित्रांच्या संगतीत भाच्याने बेस गिटार हाती घेतली आणि एका छोट्याशा मेळाव्यात आयुष्यातील पहिला कार्यक्रम केला. त्या कार्यक्रमाचे मोबाईलवरील चित्रण त्याने वसईला घरी पाठविले. आमच्या मातोश्रींनी, म्हणजे त्याच्या आजीने, ते मोठ्या कौतुकाने दोनदा पाहिले आणि मग त्याला फोनवर विचारले, "बाळा, तू दिसतोस खरा, पण तू वाजवतोस ते कुठे ऐकू येते?"

भाचा हिरमुसला. आम्हांस मात्र त्या प्रश्नाने विचारात पाडले. कारण हा प्रश्न या वाद्याच्या जन्मापासून त्याच्या मागे लागलेला आहे. त्याचा मागोवा घेताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बेस गिटार हे वाद्य वयाने फार मोठे नाही. अमेरिकेतील सिएटल शहरात पॉल टटमार्क नावाच्या गृहस्थांनी १९३०च्या दशकात विजेवर चालणारे असे एक वाद्य बनविले होते. परंतु ते लोकांत रुजले नाही. ते रुजविण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर यांच्याकडे जाते. त्यांचे 'प्रिसिजन बेस' १९५१ साली बाजारात आले. तोवर वाद्यवृंदातील खालचा सूर सांभाळीत असे तो डबल बेस, म्हणजे माणसाहून उंच, उभ्याने वाजवावयाचे अवजड वाद्य. त्याला बसमधून नेणे जिकिरीचे. आणि तुतारीसारखी पितळी वाद्ये व विजेची गिटार वाजू लागली की त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय त्याच्या मानेवर पडदे नाहीत. बोट तसूभर सरकले की सूर ढळला. फेंडर यांनी गिटारप्रमाणे खांद्यावर अडकविता येईल असे वाद्य घडविले, त्याला पडदे बसविले आणि बोट पडद्यामागे पडले की सूर अचूक येणार, या अर्थाने त्याचे नाव 'प्रिसिजन' ठेवले. चार तारा : ई, ए, डी आणि जी. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच हे सूर. मात्र एक सप्तक खाली उतरविलेले.

हे वाद्य लोकांपुढे आले त्या काळचा एक प्रसंग मोठा मौजेचा आहे. १९५२ साली लायनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ वाद्यवृंदात रॉय जॉन्सन हे वादक ही नवी गिटार वाजवीत असत. 'डाउन बीट' या अमेरिकन नियतकालिकाचे समीक्षक लेनर्ड फेदर यांनी तो कार्यक्रम ऐकला आणि ते गोंधळले. मंचावर डबल बेस कुठे दिसेना. पण बेसचा सूर तर स्वच्छ ऐकू येत होता! दोन गिटारवादक बसले होते, त्यांतील एकाच्या हातात हे नवे वाद्य होते. त्यांनी त्या वर्षीच्या जुलैच्या अंकात हा अनुभव लिहिला. म्हणजे पाहा, आमच्या मातोश्रींना वादक दिसला, सूर ऐकू आला नाही. फेदर यांना सूर ऐकू आला, वादक दिसला नाही. जॉन्सन यांच्यानंतर त्या जागी मंक माँटगोमेरी आले. ते मूळचे डबल बेसचे वादक. गिटारसारखे हे वाद्य गळ्यात घेण्याचा प्रथम त्यांना संकोच वाटला. पण त्यांनी ते आपलेसे केले, १९५३ साली हॅम्प्टन यांच्याबरोबर युरोपचा दौरा केला आणि त्याच वर्षी आर्ट फार्मर यांच्या ध्वनिमुद्रणात ते वाजविले. पुढे १९६०च्या दशकात बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्यामुळे ते जगभरच्या तरुणांच्या नजरेत भरले.

खालच्या सुराची ही गरज पाश्चात्त्यांनाच भासली असे मात्र नाही. ज्यांच्या नावाने हिवरा येथील आश्रम उभा आहे, ते स्वामी विवेकानंद पूर्वाश्रमी धृपद शिकलेले गायक होते आणि पखवाजही वाजवीत. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'संगीत कल्पतरु' या बंगाली ग्रंथाच्या संपादनात त्यांचा वाटा होता. पखवाज वाजविणारा बैठकीपूर्वी डाव्या तोंडावर ओली कणीक थापतो, हे आपण भजनात पाहिले असेल. त्या कणकेच्या वजनाने कातड्याचा सूर खाली उतरतो आणि घुमू लागतो. तंबोऱ्याची खर्जाची तारही हेच काम करते. गाणारा वर विहार करतो, कारण खाली कोणीतरी जमीन धरून ठेवलेली असते. साधने निराळी, गरज एकच.

आता आपल्या मुंबईकडे वळू. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून पोर्तुगीज अमदानीत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. उपासनेतील गायनाला साथ हवी, हा त्यामागील हेतू. देवळातील साथीत व्हायोलिनबरोबर डबल बेसही असे. त्यास पोर्तुगीजमध्ये 'रबेकांव' म्हणतात. स्वरलिपी वाचू शकणारे हे ख्रिस्ती वादक पोटापाण्यासाठी मुंबईस आले, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावांच्या कुडांत राहिले आणि हॉटेलांत व पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा अमेरिकन जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर या शहराला जॅझची गोडी लागली. अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांच्यासारखे तुतारीवादक नावारूपास आले. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा हात होता.

योगायोग असा, की त्याच वर्षी फेंडर यांचे वाद्य तिकडे बाजारात आले. इकडे मात्र बेस गिटार सावकाश आली. आयातीवर कडक निर्बंध आणि जबर जकात असल्याने परदेशी वाद्य मिळविणे कठीण होते. १९९१ नंतर हे चित्र पालटू लागले. तरीही १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील तरुणांचे गट ती वाजवू लागले होते. 'सिमला बीट' या स्पर्धेत देशभरचे असे गट उतरत. त्यातील निवडक गाण्यांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या. चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांनी या वाद्याचे महत्त्व ओळखले. त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ हे आपल्याच समाजातील. ती गाणी आपण लग्नाच्या मांडवात कितीदा ऐकली असतील. पाय ज्या सुरावर ठेका धरतात, तो बहुधा याच चार तारांचा असतो.

येथे एक खंत नोंदविल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. त्या काळच्या तबकड्यांवर चित्रपटाचे, गायकाचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव छापले जाई; वादकांची नावे सहसा नसत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचेच उदाहरण घ्या. उत्तम व्हायोलिनवादक, वाद्यवृंदाचे रचनाकार, प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात त्यांनी भारतीय रागांवर आधारलेली सिंफनी रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविली. शिष्याने गुरूची आठवण म्हणून १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तील नायकाच्या तोंडी त्यांचे नाव घातले. ते नाव कोट्यवधी लोकांनी गुणगुणले. पण ते खऱ्या माणसाचे आहे, हे किती जणांना ठाऊक होते? व्हायोलिनवाल्याची ही कथा, तर कोपऱ्यात उभ्या असलेल्या बेसवाल्याची काय असणार?

मंचाकडे पाहू गेल्यास धोबीतलावचे रंगभवन विसरता येणार नाही. १९७८ साली तेथे जॅझ यात्रा भरली. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा तरुणांचा मेळा सुरू झाला. १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'ने, म्हणजे पुढील काळातील 'इंडस क्रीड'ने, स्वतः रचलेली गाणी मंचावर आणली. त्यांचे बेस गिटारवादक होते मार्क सेल्विन. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये व न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात आणला आणि त्यानंतर काही वर्षांतच रंगभवनातील वाद्यांचा गजर थांबला. वाद्य मात्र थांबले नाही. १९९६ साली मुंबईत जन्मलेल्या मोहिनी डे यांना वडिलांनी, जे स्वतः बेस गिटारवादक आहेत, बालपणीच हे वाद्य शिकविले. रणजित बारोट आणि ए. आर. रहमान यांच्यासारख्यांबरोबर त्या वाजवू लागल्या आणि २०२३ साली त्यांच्या स्वतःच्या नावाचा अल्बम निघाला. कोपऱ्यातील वाद्य मध्यभागी आले.

पहिल्या कार्यक्रमात बेस गिटारवादकाची त्रेधा का उडते, हेही थोडे सांगितले पाहिजे. सर्वांत खालच्या ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. हवेत अशा एका ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. घरच्या खोलीत जो सूर नेमका वाटतो, तोच मोकळ्या मैदानात विरून जातो आणि बंद सभागृहाच्या कोपऱ्यात नको तितका घुमतो. मनुष्याचा कानही खालच्या सुरांना मंद असतो. वादकाला स्वतःचे वाजविणे ऐकू येत नाही, म्हणून तो तारा जोराने ओढू लागतो आणि बोटे दुखवून घेतो. त्यातून त्याच्यावर दुहेरी भार : ड्रमच्या ठोक्याशी हातमिळवणी करावयाची आणि मेळाचा पाया धरावयाचा. सी, ई, जी हे तीन सूर एकत्र वाजले तर तो सी मेजरचा प्रसन्न मेळ. पण त्याखाली बेसने चुकून ए लावला, की त्याच मेळावर ए मायनरची उदास छाया पडते. वरच्यांनी काहीच चूक केलेली नसते! म्हणूनच जाणते वादक नवोदितास सांगतात, की सूर चुकला तर तो सोडून द्यावा, पण ठेका सोडू नये. नजर ड्रमवाल्यावर ठेवावी. आणि गाणे कोठे संपवावयाचे हे आधीच ठरवावे.

आमच्या भाच्याच्या बाबतीत तर तिसऱ्या गाण्यात वाद्याची वायरच निसटली. गाणे थांबले नाही. गिटार होती, ड्रम होते, गायक गात होता. पण पुढच्या रांगेतील माणसांनी एकमेकांकडे पाहिले. काय गेले हे कोणालाच सांगता येईना, काहीतरी गेले एवढे मात्र सर्वांना कळले. वायर पुन्हा बसली आणि माना पुन्हा डोलू लागल्या.

'पवित्र उपासना' या विषयावरील व्हॅटिकन परिषदेच्या १९६३च्या दस्तऐवजाने पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि योग्य असतील अशा इतर वाद्यांनाही देवळाचे दार उघडे ठेवले. त्यामुळे आज आपल्या कित्येक धर्मग्रामांच्या गायकवृंदांत एखादा मुलगा किंवा मुलगी ही चार तारांची गिटार घेऊन खांबाआड उभी असते. नाताळच्या कार्यक्रमपत्रिकेत गायकांची नावे छापताना तिच्या नावासाठी एक ओळ राखून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे. टोनी वाझ यांच्या पिढीला जे मिळाले नाही, ते या पिढीला देण्यास फार खर्च येत नाही.

राहिली मातोश्रींची शंका. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खालचा सूर बाहेरच पडत नाही, हे आम्ही त्यांना समजावून पाहिले, पण पटेना. सुटीत भाचा घरी आला, तेव्हा त्याने तेच चित्रण लावून मोठे हेडफोन आजीच्या कानांवर ठेवले. त्यांनी डोळे मिटून अर्धे गाणे ऐकले, मग हेडफोन काढून नातवाच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "आता कळले. तिसरे गाणे लाव बघू, वायर निघाली होती ते."