पॅरिसचे ऑपेरा हाउस : दगडात कोरलेली उतरंड

कला सर्वांची असते, असे कुणी म्हणाले की आम्ही आधी इमारतीची दारे मोजतो. पॅरिसच्या पॅले गार्निये या जगप्रसिद्ध ऑपेरा हाउसची दारे मोजण्यासारखीच आहेत.

14 जानेवारी 1858 रोजी जुन्या ऑपेराबाहेर सम्राट तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब फेकले गेले. सम्राट वाचला, रस्त्यावरची माणसे मेली. मग नवे ऑपेरा हाउस बांधायचे ठरले. 1861 च्या स्पर्धेत 171 आराखडे आले आणि शार्ल गार्निये निवडला गेला. तो लोहारकाम केलेल्या बापाचा मुलगा. पण खालून आलेला माणूस आराखडा काढतो म्हणून आराखडा खालच्यांचा होत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको! त्याने पश्चिमेला सम्राटाची बग्गी थेट आत नेणारा चढ आखला, पूर्वेला बग्गीतून येणाऱ्या वार्षिक वर्गणीदारांसाठी वेगळा मंडप बांधला. पायी येणाऱ्यांनी समोरून यावे. 5 जानेवारी 1875 ला उद्घाटन झाले तेव्हा सम्राटाची गादी गेली होती आणि सम्राटही मेला होता. त्याच्या मंडपात आज ग्रंथालय आहे.

रंगीबेरंगी संगमरवर, भव्य जिना, झुंबर यांवर भरपूर लिहिले गेले आहे. आमचे लक्ष रंगमंचामागच्या एका दालनाकडे आहे. तिथे नर्तकी सराव करत. त्याची जमीन मुद्दाम रंगमंचासारखीच उतरती ठेवलेली. याच दालनात श्रीमंत वर्गणीदार पुरुषांना प्रवेश होता. गरीब घरच्या कोवळ्या मुली आणि त्यांना ‘आश्रय’ देणारे शेठ यांच्या भेटीची जागा सोनेरी नक्षीने सजवलेली होती. चित्रकार देगाने ज्या मुलीचा पुतळा घडवून 1881 मध्ये प्रदर्शनात मांडला, ती मारी व्हान गोएतेम याच ऑपेराची नर्तकी, धोबीणकाम करणाऱ्या आईची लेक. 1882 मध्ये तिला ऑपेरातून काढून टाकले. तिच्या पुतळ्याच्या ब्राँझ प्रती मात्र मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने उभ्या आहेत.

आमच्याकडे हे काम देवाच्या नावाने चालले. फ्रान्समध्ये जात नव्हती, देवदासीला तर धर्माचीच मोहोर होती; हा फरक आम्ही पुसत नाही. पण कलेची परंपरा म्हणून मुरळी-जोगतिणींचे कौतुक करणाऱ्यांनी 16 जून 1936 ची परळच्या दामोदर हॉलमधील सभा आठवावी. कामाठीपुऱ्यातील देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर बाबासाहेब उभे होते. त्यांनी त्यांच्या कलेची तारीफ केली नाही. हे जिणे सोडा, इतर स्त्रियांसारखा मानाचा संसार करा, असे त्यांनी सांगितले.